दुसरा 'आर'

"फॉरमॅट मारावं लागेल."

आपल्या पिढीने लहानपणी घरोघरी ऐकलेल्या वाक्यांची यादी केली तर हे वाक्य पहिल्या पाचात नक्की येईल. कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मारू. स्क्रीन निळी झाली? फॉरमॅट मारू. खोलीत उंदीर दिसला तरी आमच्या गावचा हार्डवेअरवाला दादा बहुतेक हेच म्हणाला असता :-)

गेल्या शनिवारी ऑफिसमधल्या एका ज्युनिअरच्या लॅपटॉपने मान टाकली आणि तोही अगदी सहज म्हणाला, "सोड ना, फॉरमॅट मारतो." त्याचं सगळं क्लाउडवर, त्यामुळे त्याला काही फरक पडणार नव्हता. मला मात्र २००९ साल आठवलं. म्हणून आजचा हा लेख. विषय एकच: बिघडलेली विंडोज दुरुस्त करायची, पण आत बसवलेले प्रोग्रॅम्स न घालवता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या एका गोष्टीमागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे.

आधी २००९ ची गोष्ट सांगतो. मी तेव्हा सातवीत होतो. काकांचं तालुक्याच्या गावी छोटं डीटीपीचं दुकान आणि मागे छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उत्तरकार्याची कार्डं, निवडणुकीत हँडबिलं. त्या वर्षी गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं होत होती आणि स्मरणिकेचं काम काकांकडे होतं. दोन महिने खपून काका-काकूंनी सगळे लेख टाइप केले होते. एका सकाळी मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर एक ओळ: 'हाल डॉट डीएलएल' ही फाइल गहाळ किंवा खराब आहे. बस्स. पुढे काही नाही.

हार्डवेअरवाला आला. त्याने एक्सपीची सीडी टाकली. मी शेजारीच उभा होतो, त्यामुळे पुढचं नीट आठवतंय. निळी स्क्रीन आली. त्यावर लिहिलं होतं की नवीन विंडोज टाकायची असेल तर एंटर दाबा, दुरुस्ती करायची असेल तर 'आर' दाबा. त्याने 'आर' दाबलं. काळी स्क्रीन आली, तिने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारला आणि मग नुसता लुकलुकणारा कर्सर. त्याने दोन मिनिटं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काका, रिपेअर होत नाहीये. फॉरमॅट मारावं लागेल. तुमचा डेटा डी ड्राइव्हला आहे ना? मग टेन्शन नाही."

डेटा डी ड्राइव्हलाच होता. एकही फाइल गेली नाही. आणि तरीही सगळं गेलं. कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

डॉसच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मोजून तीन महत्त्वाच्या फाइल्स: आयओ डॉट सिस, एमएसडॉस डॉट सिस आणि कमांड डॉट कॉम. प्रोग्रॅम म्हणजे एक फोल्डर. वर्डस्टार दुसऱ्या मशीनवर न्यायचा तर फोल्डर कॉपी करायचा. सिस्टिम बिघडली तर बूट फ्लॉपी टाकून 'सिस सी कोलन' अशी कमांड द्यायची, की त्या फाइल्स पुन्हा डिस्कवर लिहिल्या जात. प्रोग्रॅम्सना पत्ताही लागत नसे. भाडेकरू आणि घरमालक यांचा एकमेकांशी फारसा संबंधच नव्हता म्हणा ना.

विंडोज आली आणि भाडेकरू घरमालकाच्या स्वयंपाकघरात भांडी ठेवायला लागले. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅम्स आपापल्या सेटिंग्ज विन डॉट आयएनआय आणि सिस्टिम डॉट आयएनआय या सामायिक फाइल्समध्ये लिहीत. शिवाय डीएलएल. हे म्हणजे अनेक प्रोग्रॅम्सनी मिळून वापरायचे कोडचे तुकडे, बऱ्याचदा विंडोजच्याच सिस्टिम फोल्डरमध्ये ठेवलेले. तेव्हा डिस्क आणि मेमरी दोन्ही महाग, त्यामुळे एकच तुकडा सगळ्यांनी वापरणं शहाणपणाचं होतं. पण नवा प्रोग्रॅम आला की तो स्वतःची जुनी डीएलएल आधीच्या नव्या डीएलएलवर खुशाल लिहून मोकळा व्हायचा, आणि कालपर्यंत चालणारा तिसराच प्रोग्रॅम आज बंद पडायचा. या प्रकाराला लोकांनी 'डीएलएल हेल' असं नाव ठेवलं, ते उगाच नाही.

मग २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आली आणि तिच्याबरोबर आजच्या अर्थाने रजिस्ट्री आली. कल्पना चांगलीच होती. पन्नास आयएनआय फाइल्सऐवजी एकच मोठी नोंदवही. कुठला प्रोग्रॅम कुठे बसलाय, कुठली फाइल कशाने उघडायची, लायसन्स की काय, प्रिंटर कुठला, सगळं एका ठिकाणी. पण याचा एक परिणाम पुढची तीस वर्षं आपण भोगतोय: प्रोग्रॅम म्हणजे आता फोल्डर राहिला नाही. प्रोग्रॅम म्हणजे फोल्डर अधिक रजिस्ट्रीतल्या नोंदी अधिक सिस्टिम फोल्डरमधल्या डीएलएल अधिक फाँट्स. सात-बाराच्या उताऱ्यासारखं आहे हे. जमीन जागेवरच असते, पण उताऱ्यावरून नाव उडालं की तुम्ही तिथे कोणी नाही. नवी विंडोज टाकल्यावर प्रोग्रॅम फाइल्सचा फोल्डर जसाच्या तसा वाचला असला तरी मोठे प्रोग्रॅम्स बहुतेक वेळा चालू होत नाहीत, त्याचं कारण हेच. नव्या रजिस्ट्रीत त्यांचं नावच नसतं.

मायक्रोसॉफ्टला हा धोका माहीत नव्हता असं नाही. विंडोज ९५ रजिस्ट्रीची एक जादा प्रत ठेवायची. एफ८ दाबून जाता येणारा सेफ मोडही तेव्हाच आला. २५ जून १९९८ ला आलेल्या विंडोज ९८ ने आणखी सुधारणा केली. 'स्कॅनरेग' नावाचा प्रोग्रॅम दिवसातून एकदा रजिस्ट्री तपासून तिची प्रत काढायचा आणि शेवटच्या पाच प्रती जपून ठेवायचा. मशीन बिघडलं की डॉसमध्ये जायचं, 'स्कॅनरेग रिस्टोअर' म्हणायचं आणि परवाची तारीख निवडायची. सिस्टिम फाइल्स तपासणारा 'सिस्टिम फाइल चेकर'सुद्धा ९८ मधलाच. तेही जमलं नाही तर सीडीवरचं सेटअप आहे त्याच विंडोजवर पुन्हा चालवायचं. ते जुनी रजिस्ट्री ठेवून फक्त फाइल्स नव्याने लिहायचं. म्हणजे प्रोग्रॅम्स न घालवता दुरुस्ती करायची सोय घराघरातल्या विंडोजमध्ये तेव्हापासूनच होती.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आली आणि डीएलएल हेलवर पहिला खरा इलाज झाला. 'विंडोज फाइल प्रोटेक्शन' पाळत ठेवायचं. कोणी सिस्टिमची फाइल बदलली की ते गुपचूप 'डीएलएल-कॅश' फोल्डरमधून मूळ प्रत परत आणून ठेवायचं. रिकव्हरी कन्सोल, म्हणजे ती लुकलुकत्या कर्सरची काळी स्क्रीन, ही पण २००० चीच देणगी. त्याच वर्षी आलेल्या विंडोज मिलेनियमला सगळ्यांनी नावं ठेवली, पण तिने एक चांगली गोष्ट दिली: सिस्टिम रिस्टोअर.

आणि मग २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी. आपल्या सगळ्यांची लाडकी. आता येतो दुसरा 'आर'.

एक्सपीच्या सीडीवर दुरुस्तीचे दोन वेगवेगळे मार्ग होते आणि दोन्हीची कळ एकच होती: 'आर'. पहिल्या स्क्रीनवरचं 'आर' तुम्हाला रिकव्हरी कन्सोलमध्ये नेतं, जिथे कमांड्स माहीत नसतील तर काहीच करता येत नाही. पण पहिल्या स्क्रीनवर 'आर' न दाबता, जणू नवीनच विंडोज टाकायची आहे असं भासवून एंटर दाबलं, मग एफ८ दाबून लायसन्स मान्य केलं, की पुढे सेटअप डिस्कवर आधीची विंडोज शोधायचं. ती सापडली की विचारायचं: ही दुरुस्त करायची असेल तर 'आर' दाबा, न करता नवी टाकायची असेल तर एस्केप. हे दुसरं 'आर' म्हणजे रिपेअर इन्स्टॉल. सिस्टिमच्या फाइल्स नव्या, रजिस्ट्रीतल्या प्रोग्रॅम्सच्या नोंदी जुन्याच, फाँट्स जागेवर, डेटा जागेवर.

विचार करा, ज्याला दुरुस्ती हवी आहे तो माणूस दुरुस्तीचा पर्याय दिसल्यावर तो सोडून 'नवीन टाका' कशाला दाबेल? जगभरात किती मशीन्स या एका स्क्रीनमुळे विनाकारण फॉरमॅट झाली असतील, देव जाणे.

आणि गंमत (खरं तर गंमत नाहीच) अशी की काकांच्या मशीनवर आलेल्या त्या एररचं नेहमीचं कारण हाल डॉट डीएलएल नसतंच. बहुतेक वेळा बूट डॉट आयएनआय ही चार ओळींची फाइल बिघडलेली असते. ती पहिल्या 'आर'च्या काळ्या स्क्रीनवर 'बूट-सीएफजी रीबिल्ड' या एका कमांडने पुन्हा तयार होते. आमच्या मशीनचं नेमकं काय झालं होतं ते आता कळायला मार्ग नाही. पण दोन्ही 'आर' वापरून पाहण्यासारखे होते, एवढं नक्की.

अर्थात दुसरा 'आर' म्हणजे रामबाण नव्हता. रजिस्ट्रीच मोडली असेल तर कधीकधी सेटअपला जुनी विंडोज सापडायचीच नाही. मग आणखी अवघड रस्ता होता: 'विंडोज रिपेअर' फोल्डरमधल्या अगदी पहिल्या दिवसाच्या पाच रजिस्ट्री फाइल्स कन्सोलमधून जागेवर आणायच्या, कसंबसं सेफ मोडमध्ये शिरायचं, तिथून सिस्टिम रिस्टोअरच्या लपवलेल्या फोल्डरमधल्या ताज्या फाइल्स उचलायच्या, त्यांची नावं बदलायची आणि परत कन्सोलमधून त्या बसवायच्या. हे सगळं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलं होतं. मी कॉलेजात असताना व्हर्च्युअल मशीनवर मुद्दाम रजिस्ट्री मोडून हा प्रकार एकदा करून पाहिला. दुपार गेली, पण मशीन उठलं तेव्हा ऑपरेशन यशस्वी झालेल्या सर्जनसारखं वाटलं.

दुसरी अडचण, रिपेअर केल्यावर सीडीवरच्याच जुन्या फाइल्स परत यायच्या. म्हणजे सगळे अपडेट्स गेले. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म आला. त्यावरचा पॅच जुलैमध्येच निघाला होता, पण रिपेअर केलेलं मशीन पुन्हा बिनपॅचचं आणि फायरवॉल बंद. नेटला जोडलं की थोड्याच वेळात आजारी. म्हणून जाणकार लोक सर्व्हिस पॅक आधीच मिसळलेली सीडी स्वतः तयार करत. आणि तिसरी अडचण तर कमालीची होती. काही ब्रँडेड मशीन्सवर कारखान्यात विंडोज भरताना 'अनडू गुईमोड' नावाची एक टेक्स्ट फाइल चुकून तशीच राहिली होती. अशा मशीनवर रिपेअर केलं तर सामायिक फोल्डरमधला डेटा आणि सेटिंग्ज उडू शकत. उपाय एवढाच, की आधी ती फाइल डिलीट करा. हे मायक्रोसॉफ्टलाच जाहीर करावं लागलं. म्हणून कुठलीही दुरुस्ती करण्याआधी प्रत काढा, हा नियम रिपेअरलाही लागू आहे.

आता काकांच्या डेटाकडे येतो. लेख होते वर्डच्या फाइल्समध्ये, पण टाइप केले होते एका मराठी सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये. युनिकोडच्या आधीचे (आणि छपाईत नंतरही बरीच वर्षं चाललेले) मराठी फाँट्स एक युक्ती करत: संगणकाच्या दृष्टीने तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असत, फक्त फाँट त्यांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा त दाखवायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाँट बसलेला सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फोल्डरात. सी फॉरमॅट झाला, फाँट गेला. सॉफ्टवेअरची सीडी सापडेना, विकणाऱ्याचं दुकान बंद झालेलं. काकांनी फाइल उघडली आणि स्क्रीनभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. 'डेटा सुरक्षित आहे' या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. फाइल वाचली, पण वाचता येत नव्हती.

काका-काकूंनी दुसरं सॉफ्टवेअर घेऊन रात्री जागून सगळं पुन्हा टाइप केलं. पण तीन लेखांची हस्तलिखितं हरवली होती. टाइप झालंय म्हटल्यावर ती कोण जपणार? लेखकांपैकी दोघे सत्तरीच्या पुढचे, पुन्हा लिहिणं त्यांना जमलं नाही. स्मरणिका दोन महिने उशिरा आणि ते तीन लेख वगळून निघाली. काका कोणाला काही बोलले नाहीत, पण त्यानंतर बरीच वर्षं ते मशीनला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

असो. इतिहास पूर्ण करतो.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि दुसरा 'आर' गायब झाला! व्हिस्टाचं सेटअप एकेक फाइल लिहीत नाही. तयार विंडोजची एक अख्खी प्रतिमा डिस्कवर ओतायची आणि मग जुन्या विंडोजमधले प्रोग्रॅम्स, सेटिंग्ज, रजिस्ट्रीच्या नोंदी त्यात स्थलांतरित करायच्या, अशी ही नवी पद्धत. जास्त स्वच्छ, पण एक मेख होती: प्रोग्रॅम्स ठेवून दुरुस्ती करायची असेल तर सेटअप चालू विंडोजच्या आतूनच सुरू करावं लागतं. सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर तो पर्याय मिळत नाही. म्हणजे विंडोज उठतच नसेल तर दरवाजा बंद. विंडोज ७, १० आणि ११ मध्येही हेच आहे. बदल्यात स्टार्टअप रिपेअर आलं, जे निदान विंडोज उठवायचा प्रयत्न करतं.

२०१२ च्या विंडोज ८ ने 'रिफ्रेश' दिलं. फाइल्स ठेवतो म्हणालं, स्टोअरमधली अ‍ॅप्सही ठेवली, पण नेहमीचे डेस्कटॉप प्रोग्रॅम्स काढून टाकले आणि त्यांची यादी डेस्कटॉपवर ठेवली. म्हणजे घर रिकामं करून दारावर सामानाची यादी चिकटवण्यासारखं. पण त्याच ८ मध्ये 'डिसम'ची 'रिस्टोअर हेल्थ' कमांडही आली. सिस्टिम फाइल चेकर ज्या मूळ साठ्यातून फाइल्स दुरुस्त करतो तो साठाच खराब असेल तर तो विंडोज अपडेटवरून दुरुस्त करणारी. म्हणून आजही क्रम असा: आधी डिसम, मग फाइल चेकर, आणि तरी जमलं नाही तर त्याच आवृत्तीची आणि त्याच भाषेची आयएसओ फाइल उघडून सेटअप चालवायचं आणि 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' निवडायचं. जुनी विंडोज 'विंडोज ओल्ड' फोल्डरमध्ये दहा दिवस राहते, पटलं नाही तर मागे जाता येतं. विंडोज ११ मध्ये २०२४ पासून हे सगळं रिकव्हरीच्या पानावरच्या एका बटणात आलं आहे. तेवीस वर्षांनी दुसरा 'आर' परत आला, आणि तोही योग्य जागी.

मात्र मधल्या काळात एक गोष्ट हळूच गेली. रजिस्ट्रीची आपोआप काढली जाणारी प्रत विंडोज १० च्या २०१८ मधल्या एका आवृत्तीपासून बंद झाली. फोल्डर दिसतो, पण फाइल्स शून्य बाइटच्या. स्कॅनरेगच्या पाच प्रतींची आठवण येते ती अशा वेळी.

आणि फॉरमॅट हा पहिला उपाय नसतो याचा जगातला सगळ्यात मोठा धडा १९ जुलै २०२४ ला मिळाला. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जा, एक फाइल डिलीट करा, रीस्टार्ट करा. १९९५ चा सेफ मोड २०२४ मध्ये कामी आला.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांचं आताचं मशीन, विंडोज १०, एका अर्धवट अपडेटनंतर दर दहा मिनिटांनी गळा काढत होतं. त्यावर त्यांचं तेच जुनं डीटीपी सॉफ्टवेअर. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली, पुन्हा इन्स्टॉल करायचं तर अ‍ॅक्टिव्हेशन कोण देणार? काकांनी काही न बोलता खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी आधी अख्ख्या डिस्कची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढली. डिसम चालवलं, जमलं नाही. मग आयएसओ, सेटअप, 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा'. दीड तास आम्ही दोघं चहा पीत टक्केवारी बघत बसलो. मशीन उठलं. काकांनी सॉफ्टवेअर उघडलं, 'श्री' टाइप केलं, ते नीट उमटलं, आणि मग काकूला हाक मारली.

मग मी त्यांना एक प्रिंटआउट दिला. ती २००९ ची खिचडी मी कॉलेजपासून जपून ठेवली होती. बाकीचे लेख छापील स्मरणिकेत होतेच, म्हणजे एका बाजूला खिचडी आणि दुसऱ्या बाजूला तिचं शुद्ध मराठी. ते समोरासमोर ठेवून कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता बनवला. वेलांट्या आणि रफारांनी छळलं, पण चार-पाच वीकेंड्समध्ये ते तीन लेख युनिकोडमध्ये उतरले. काकांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि सवयीने लाल पेन काढलं. तिसऱ्या ओळीत 'वाचनालया'तला काना सुटला होता.